कागदावरचे चार इंच

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे. शंभर फूट लांब, अर्धा इंच रुंद आणि चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. डबीच्या पोटावर पितळेची लहानशी दांडी आहे. ती उघडून फिरवली की मी आत जाते. बाहेर यायचे तर मात्र कुणीतरी माझे टोक धरून ओढावे लागते. त्यामुळे मी आपणहून कधीच कुठे गेले नाही. तरीही एका बाईच्या पिशवीत बसून मी किती घरे पाहिली याची गणती नाही, आणि ती घरे एका देशातली नव्हती. तिचीच हकिकत मला सांगायची आहे. माझी त्यात ओघाने येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची पातळ पट्टी, तिच्यावर रसायनाने कोरलेले आकडे, आणि शेवटी एक लांबलचक टेबल. त्या टेबलावर मला ताणून एका नमुन्याच्या टेपेशेजारी निजवले आणि चष्मा लावलेल्या तपासनिसाने भिंग घेऊन माझा इंच न् इंच पाहिला. माझ्या आधीच्या दोघी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकल्या होत्या. त्या भंगारात गेल्या. माझ्या एका बाजूला फूट आणि इंच आहेत, दुसऱ्या बाजूला मीटर. माणसांत दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्याला कुणी चांगले म्हणत नाही. माझ्या बाबतीत तो गुण ठरला.

मला एका सुताराने विकत घेतले. तो कपाटे करायचा. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. एकदा एका नव्या भाडेकरूने त्याच्याकडून भिंतभर कपाट करवून घेतले. माप भाडेकरूनेच आणून दिले होते, घरे भाड्याने लावणाऱ्या दलालाच्या कचेरीतून आलेल्या टाइप केलेल्या कागदावरचे. कागदावर भिंत सात फूट होती. प्रत्यक्षात ती सहा फूट आठ इंच निघाली. कपाट आठवडाभर जिन्यात उभे होते. शेजारी येताजाता त्यावर पिशव्या टेकवायचे आणि एका आजोबांनी तर आपली टोपी ठेवायला त्यातला एक खणच धरून टाकला होता.

तो कागद टाइप केला होता सुताराच्याच भाचीने. महिन्यापूर्वीच ती त्या कचेरीत नोकरीला लागली होती. धाकट्या भावामुळे घरात तिला सगळे ताई म्हणत. मामा तडक बहिणीकडे आला आणि चपला काढायच्या आधीच भाचीला म्हणाला, "सात फूट तू लिहिलंस?"

"साहेबांनी सांगितलं ते टाइप केलं, मामा."

"आणि साहेबांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ते दारात उभे राहतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात."

"म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार!" मामाने पिशवीतून मला काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. "ही घे. मी दुसरी आणीन. तुझे साहेब डोळे बारीक करतील तेव्हा तू ही लांब कर."

मित्रांनो, मी ताईकडे आले ती अशी.

दुपारच्या सुट्टीत ती डबा पटकन संपवून निघायची आणि रिकामी घरे मोजून यायची. एकट्या माणसाला खोली मोजता येत नाही. दुसरे टोक कुणीतरी धरावे लागते. म्हणून ती घरमालकिणींना विनंती करायची. काही जणी कौतुकाने धरायच्या. काही जणी संशयाने विचारायच्या, "आमच्या घराची मापं कशाला? पडदे शिवायचेत?" ताई म्हणायची, "नाही हो काकू, खोटं बोलायचं नाही म्हणून." मग काकू टोक धरत.

साहेबांना हे मुळीच रुचले नाही. कारण मोजलेली प्रत्येक खोली सांगितलेल्या खोलीपेक्षा लहान निघू लागली. "अगं, तू आल्यापासून माझी घरं आटायला लागलीत," ते वैतागून म्हणाले, "गरम पाण्यात टाकलेल्या स्वेटरसारखी!" कचेरीत तिचे नाव मापवाली पडले. ते चिडवण्यासाठी होते. पण दोन वर्षांत लोक येऊन विचारू लागले, "त्या मापवाल्या बाई आहेत का? त्यांनी मोजलेलं घर दाखवा." तिच्या कागदावर खोली लहान असेल, पण पलंग ठरल्या जागी बसायचा. दार उघडल्यावर कपाटाला आपटायचे नाही. लोकांना यापेक्षा जास्त काही नको होते, आणि एवढेही त्यांना दुसरीकडे मिळत नव्हते.

सहा वर्षांनी तिने नोकरी सोडली आणि चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत स्वतःचे काम सुरू केले. खाली दिवसभर हातोडीची ठकठक चालायची. धाकटा भाऊ तोवर नकाशे काढायला शिकला होता. ती मापे सांगायची, तो काढायचा. दोघांत भांडणे व्हायची ती रेघेच्या जाडीवरून. तो म्हणायचा, "ताई, रेघच चार इंचांची झाली तर भिंत कुठे दाखवू?" आधी त्यांनी भाड्याची घरे दिली, मग विकली, आणि काही वर्षांनी आठ घरांची एक चार मजली इमारत स्वतः बांधली. तिच्या पायाच्या चरापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत मी होते. चिखलात पडले, चुन्यात बुडाले, एकदा एका गवंड्याने मला दोरी समजून बादली ओढायला घेतले. ताईने त्याला इतके झापले की तो पुढे मला बघितले तरी नमस्कार करायचा.

आता परदेशाचे ऐका. ताई तिकडे गेली ती कुठली मोठी योजना आखून नव्हे. एका परिचारिकेच्या पत्रामुळे गेली.

ही परिचारिका दूरच्या एका थंड देशात नोकरी करत होती. परत आल्यावर राहायला घर हवे म्हणून तिने ताईकडे चौकशी केली. येऊन पाहणे तिला शक्य नव्हते. ताईने भावाने काढलेला नकाशा पाठवला. त्यावर प्रत्येक भिंतीचे, दाराचे, खिडकीच्या उंचीचे सुद्धा माप होते. महिन्याभराने उत्तर आले. परिचारिकेने तो नकाशा आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर खडूने खऱ्या मापात आखला होता आणि त्यातून फिरून पाहिले होते. तिने लिहिले होते, "स्वयंपाकघरात मी ओट्यापासून फ्रिजकडे दोनदा वळून पाहिलं. पुरतं. घर घेते. माझ्या मैत्रिणी पण आता खडू घेऊन तयार आहेत, त्यांनाही नकाशे पाठवा."

ताईने ते पत्र मोठ्याने वाचले. भाऊ हसत सुटला. ताई हसली नाही. तिला पहिल्यांदाच कळले, की तिने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी समुद्रापलीकडे पाऊल टाकते आहे.

त्या मैत्रिणींनी घरे घेतली, त्यांच्या ओळखीच्यांनी घेतली. मग त्यांतल्या बऱ्याच जणी तिकडेच स्थिरावल्या आणि ताईला म्हणू लागल्या, "आता इथेच बांधा ना. इथेही कुणी नीट मोजत नाही." ताईने दोन वर्षे विचार केला, तिकडच्या एका बांधकाम कंत्राटदाराशी भागीदारी केली आणि त्या थंड देशात पहिली इमारत उभी केली. तिथे फूट-इंच कुणाला समजत नसत. ताईने मला उलटे केले आणि मीटरच्या बाजूने मोजायला लागली. तुम्हाला मात्र तिकडचे आकडेही मी फूट-इंचांतच सांगते. रात्री झोपेतही ती आकडे इकडचे तिकडे करत असावी, कारण सकाळी उठल्या उठल्या भावाला फोन करून म्हणायची, "पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट बसतात. बरोबर ना?"

धंदा वाढला. दोन देशांत दोन कचेऱ्या, तिसऱ्या देशात जागा बघून ठेवलेली. हाताखाली माणसे आली आणि माणसांबरोबर लाल ठिपक्याची यंत्रे आली. यंत्र भिंतीला लावायचे, बटण दाबायचे, समोरच्या भिंतीवर ठिपका पडला की आकडा तयार. टोक धरायला कुणी लागत नाही. मी ताईच्या टेबलाच्या खालच्या खणात गेले. तिथे वाळलेली पेने, मोडका स्टेपलर आणि मी. मला वाईट वाटले, पण तक्रार करावी असे काही नव्हते. यंत्रे बरोबर मोजत होती. चूक यंत्राची झालीच नाही.

थंड देशात सात मजल्यांची, सेहेचाळीस घरांची इमारत बांधायला घेतली, तेव्हा त्या देशातल्याच एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंचे पत्र आले. त्यांचे यजमान आयुष्यभर बस चालवत होते. आता त्यांचे पाय गेले होते. बाईंनी लिहिले होते, "यांची चाकांची खुर्ची सव्वीस इंच रुंद आहे. नकाशात पॅसेज आहे त्यातून ही खुर्ची न्हाणीघराच्या दारात वळेल का? वळणार असेल तर आम्ही राहतं घर विकून हे घेऊ. वळणार नसेल तर तसं स्पष्ट कळवा."

त्या दिवशी ताईने खण उघडून मला बाहेर काढले. कचेरीच्या फरशीवर खडूने पॅसेज आखला, सव्वातीन फुटांचा. दवाखान्यातून तेवढीच खुर्ची मागवली. स्वतः तीत बसली आणि चाके फिरवत वळून पाहिले. दोनदा अडकली, तिसऱ्यांदा युक्ती कळली आणि खुर्ची वळली. मग तिने स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले. त्यात एकच शब्द होता: "वळेल." खाली सही.

यानंतर आठ महिन्यांनी भागीदाराच्या माणसांनी गरम पाण्याचे नळ फरशीखालून नेण्याऐवजी पॅसेजच्या भिंतींवरून न्यायचे ठरवले. काम लवकर होणार होते. नळ झाकायला दोन्ही भिंतींना आतून दोन-दोन इंचांचे अस्तर आले. या बदलाचा कागद ताईकडे रीतसर आला. ती तेव्हा तिसऱ्या देशातल्या कचेरीच्या उद्घाटनाला निघाली होती. दारात मोटार उभी होती आणि पुढ्यात साठ-सत्तर कागदांची चळत. तिने उभ्याउभ्याच सह्या केल्या. पुन्हा खणात गेले असूनही मला पेनाची खरखर ऐकू येत होती. ती मधे एकदाही थांबली नाही.

किल्ल्या द्यायचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. शाळामास्तरीण बाई होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "तुमचं पत्र माझ्या हातात आहे. खुर्ची वळत नाही."

ताईने सहायकाला सांगितले असते तर यंत्र घेऊन कुणीही गेले असते. पण तिने खण उघडला, मला पिशवीत टाकले आणि मिळेल त्या विमानाने स्वतः निघाली.

त्या घरात आम्ही पोचलो तेव्हा बसचालक पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. अंगात कोट तसाच. सामानाची खोकी बांधलेलीच. ते म्हणाले, "या. उठून स्वागत केलं असतं, पण तेवढं एक जमत नाही."

बाई हसल्या नाहीत. ताईने मला काढले आणि टोक धरायला भागीदाराच्या माणसाकडे पाहिले. बाई पुढे झाल्या. "तुमचा माणूस धरणार आणि तुम्हीच आकडा वाचणार? टोक मी धरते." त्यांनी माझे टोक भिंतीला असे दाबून धरले की त्यांचे नख पांढरे पडले.

दोन फूट अकरा इंच. सव्वातीन फुटांना चार इंच कमी.

भागीदारही आला होता. तो तोंडाने गोड माणूस. तो म्हणाला, "ताई, पोलाद थंडीत आखडतं. इथल्या हवेत तुमची टेप चुकत असेल."

"आखडते," ताई म्हणाली. "मलाही माहीत आहे. पण टेप आखडली तर घर मोठं दिसतं, लहान नाही. आणि या पॅसेजला ती केसभर आखडेल. चार इंच नाही."

मग बदलाचा कागद मागवला गेला. भागीदाराने तो उलगडून तिच्यापुढे धरला आणि फक्त खालचा कोपरा दाखवला. तिथे तिची सही होती.

ताई बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्या मांडीवर. ती नुसती माझे टोक ओढून मला बाहेर काढायची, दांडी फिरवून आत घ्यायची. मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. तिच्या मनात काय चालले होते ते मला तिच्या फोनवरून कळले, आणि सोपा मार्ग तिलाही दिसत होता. तिने भावाला सगळे सांगितले.

"एकच पॅसेज फोडून दे ना," भाऊ म्हणाला. "बाकीच्या पंचेचाळीस घरांत कोण टेप घेऊन बसलंय?"

"मी बसलेय."

"ताई, जरा विचार कर. सगळ्यांना कळवलंस तर निम्मे घर परत करतील. तिसरी कचेरी बंद करावी लागेल. आपण स्वतःच्या घरासाठी घेऊन ठेवलेली जागा पण जाईल."

"जाईल."

"आणि तो भागीदार?"

"तो बहुतेक आधीच गेलाय. मघाशी त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना... धाकट्या, मी त्या बाईंना स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. आणि नंतर न वाचता सही केली. दोन्ही हात माझेच."

भाऊ म्हणाला, "बरं. सगळी घरं मोज आणि मापं पाठव. नकाशे मी नव्याने काढतो. आणि ऐक, जेवून घे."

पुढचे तीन दिवस आम्ही सेहेचाळीसही घरे मोजली. टोक प्रत्येक वेळी शाळामास्तरीण बाईंनीच धरले. कुणी सांगितले नव्हते. सकाळी नऊला त्या कोट घालून खाली उभ्या असायच्या. दोघींत मापाव्यतिरिक्त एक शब्द होत नसे. दुसऱ्या दिवशी ताईने चहाचा पेला पुढे केला तेव्हा बाई म्हणाल्या, "आधी पाचवा मजला संपवू."

मग ताईने सगळ्या घरांना पत्र पाठवले. मसुदा वकिलाने करून दिला होता. तिने त्यातली दोन पाने काढून टाकली आणि चार ओळी ठेवल्या. तुमचा पॅसेज कागदापेक्षा चार इंच अरुंद आहे. चूक माझी आहे. हवे असेल तर अस्तर काढून नळ फरशीखालून नेऊन देऊ. नको असेल तर घर परत घेऊ.

भावाला वाटले होते तितके लोक गेले नाहीत, आणि ताईने आशा केली होती तितके राहिलेही नाहीत. अकरा कुटुंबे निघून गेली. त्यांतले एक गृहस्थ पुढे कित्येक वर्षे भेटेल त्याला सांगत, की ही बाई लबाड आहे. ताई त्यांना कधी खोडून काढायला गेली नाही. एकतीस घरांनी पॅसेज मोकळा करून मागितला. चार घरांनी काहीच नको म्हटले. त्यांतल्या एका जाड्या गृहस्थाने कळवले, "माझ्या बायकोचं म्हणणं आहे की पॅसेज आहे तसाच राहू द्या, मीच बारीक होईन."

भागीदार एका मंगळवारी आपल्या नावाची पाटी काढून घेऊन गेला. तो तसा दुष्ट नव्हता. त्याच्या धंद्यात सगळे असेच करत आले होते, आणि एका सहीसाठी सेहेचाळीस घरे उकरणारी बाई त्याला खरोखरच वेडी वाटत होती. तिसऱ्या देशातली कचेरी बंद झाली. उद्घाटनाची रिबीन अजून दाराच्या कडीला लोंबत होती म्हणे.

काम चार महिने चालले. तोवर ताईने बाई आणि बसचालक यांच्यासाठी तळमजल्यावरची एक भाड्याची खोली पाहून दिली. खोली मी मोजली, खुर्ची वळत होती. खिडकीसमोर बसचा शेवटचा थांबा होता. बसचालक दिवसभर घड्याळ घेऊन बसायचे आणि ताई भेटायला गेली की सांगायचे, "सतरा नंबर आज पण सहा मिनिटं उशिरा. आमच्या वेळी असं केलं असतं तर साहेबांनी बसच्या जागी आम्हाला उभं केलं असतं." बाई मात्र ताई आली की आतल्या बाजूला जाऊन काहीतरी आवरत बसायच्या.

घर तयार झाले. बसचालक पॅसेजमधून गेले, न्हाणीघराच्या दारात वळले, आत गेले. मग तसेच उलटे बाहेर आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा म्हणाले, "रिव्हर्स पण बसते. गाडी ओके."

ताईने शाळामास्तरीण बाईंच्या हातात किल्ली ठेवली. बाई म्हणाल्या, "घर चांगलं आहे. पण मी माफ केलं असं समजू नका. यांनी चार महिने खिडकीतून बसेस मोजल्या."

"नाही समजत," ताई म्हणाली.

"आणि एक सांगते. तुम्ही मोजता, तुम्ही लिहिता, तुम्हीच सही करता. घेणाऱ्याच्या हाती काय? नुसता कागद. किल्ली द्यायच्या आधी टेपेचं टोक त्याच्या हातात द्या. मग तो काय ते बघून घेईल."

मित्रांनो, ताईला धंद्यात पुष्कळ लोकांनी सल्ले दिले. मोठमोठ्या टेबलांमागून दिले. पण तिने पाळला तो हा. तेव्हापासून तिच्या कुठल्याही इमारतीत, कुठल्याही देशात, किल्ली देण्यापूर्वी घर घेणारा माणूस टेपेचे एक टोक धरतो आणि आकडा तोच मोठ्याने वाचतो. कागदावरच्या आकड्याशी जुळला तरच किल्ली. सुरुवातीला प्रतिस्पर्धी हसले. किल्ल्या द्यायला पूर्ण दिवस लागू लागला. कंत्राटदार कुरकुरले. पण लोक हे एकमेकांना सांगू लागले, आणि ज्या देशात ताईला कुणी ओळखत नव्हते तिथूनही बोलावणी आली. बंद पडलेली कचेरी पाच वर्षांनी पुन्हा उघडली. त्यानंतर आणखी दोन देशांत इमारती झाल्या. भाऊ तिथले नकाशे अजून स्वतः तपासतो आणि रेघेच्या जाडीवरून अजून भांडतो.

आता माझे थोडेसे. धंदा मोठा झाल्यावर जाहिरातीच्या माणसांना मी एकदम मौल्यवान वाटू लागले. त्यांनी मला मुख्य कचेरीच्या दर्शनी भिंतीवर काचेच्या पेटीत टांगले. खाली पितळी पाटी लावली आणि तिच्यावर लिहिले की मी पन्नास फुटी आहे. मला मोजून पाहायची तसदी कुणी घेतली नव्हती. मागच्या भिंतीला ओल होती. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत आणि मी आतून गंजत होते. सहा वर्षे मला कुणी पुसले नाही. चिखलात आणि चुन्यात असताना रोज संध्याकाळी ताई मला ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायची आणि तेलाचे बोट फिरवायची. मानाच्या जागी आल्यावर ते थांबले.

एक दिवस ताई पेटीसमोर थांबली. तिने वाकून पाटी वाचली आणि पेटी उघडायला लावली. माझे टोक ओढले तशी मी पहिल्या फुटावर गंजल्या जागी तुटले. तो एक फूट तिच्या हातात राहिला. जाहिरातीचा माणूस घाईने म्हणाला, "ताई, आपण नवीन जोडून घेऊ."

"नको," ती म्हणाली. "एक वजा करायचा. लोकांना येते तेवढी वजाबाकी."

तिने मला तेल लावले आणि पिशवीत टाकले. तेव्हापासून जिथे ती स्वतः किल्ली द्यायला जाते, तिथे मी असते. परवाच एक नवे जोडपे आले होते. नवऱ्याने टोक धरले, बायकोने आकडा वाचला आणि दोघे ओरडले, "अहो, तेरा फूट! कागदावर बाराच आहे!" एक वजा करायचा हे दोघे विसरले होते. ताईने त्यांना क्षणभर ते सुख घेऊ दिले आणि मगच सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी माझ्यासारखी अवजारे असतील. ती वापरून झाली की पुसून ठेवा. ओली टेप कधीही गुंडाळू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आत गंज चढत राहतो. आम्हाला काचेत टांगू नका, कामाला लावा. आणि कुणी तुम्हाला मोजायला बोलावले तर आकडा वाचायची घाई करू नका. आधी टोक नीट धरा. माझे शून्य आता राहिलेले नाही, तरी मी बरोबर मोजते, कारण सुरुवात कुठून करायची हे धरणाऱ्याला ठाऊक असते. पण ते टोक हलले, तर पुढचे नव्याण्णव फूट कितीही खरे असले तरी उपयोगाचे नाहीत.